विचारा की! : पाइपचा धक्का नेमका लागतो कुठं?

या वेळी पाइप, नोझल आणि पंपाची पत्रं एवढी आली की सगळी एकाच अंकात घेतली. नवीन वाचकांसाठी ओळख : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, मग मी बघितलं, आता मुलगा बघतो. मी मेकॅनिकलची डिप्लोमावाली. पूर्वी बाई पंप खोलायला बसलीय हे बघायला गिऱ्हाइकं उगाच रेंगाळायची, आता फुकटच्या सल्ल्यासाठी रेंगाळतात. माझी हत्यारं दोनच : दाबाचं गेज आणि १५ लिटरची बादली. ‘प्रेशर नाही’ असं म्हणत कुणी आलं की मी आधी विचारते, गेज लावलं होतं का, आणि बादली किती वेळात भरते? या दोन्हींची उत्तरं मिळाली की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

प्रश्न : काकू, अंगण धुताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं. मी म्हणते प्रेशर वाढलं. मुलगा अकरावीला आहे, तो म्हणतो पाणी तेवढंच येतं, फक्त वेग वाढतो. खरं कुणाचं?
*– एक गृहिणी, कसबा बावडा*

दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे, आणि मुलाचं अर्धं पुस्तकातून आलंय. पुस्तकात असतं की क्षेत्रफळ कमी झालं की वेग तेवढ्याच पटीत वाढतो, कारण पाणी तेवढंच येतं. पण तुमच्या नळामागं कुणी मोजून पाणी सोडत नाही. मागं आहे ती गच्चीवरची टाकी.

हिशेब करून दाखवते. टाकीतलं पाणी नळापेक्षा ८ मीटर उंच आहे असं धरू. पाण्याचा दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो (गेजवरचा एक किलो म्हणजे जवळपास तेवढाच), म्हणजे तुमच्याकडं झाला ०.८ बार. अर्धा इंची, १५ मीटरचा पाइप जोडून तोंड मोकळं सोडलं, तर मिनिटाला १५ लिटरच्या आसपास पाणी येईल आणि तोंडातून ते सेकंदाला जेमतेम २ मीटर वेगानं बाहेर पडेल. मग ८ मीटरची उंची गेली कुठं? जवळपास सगळी पाइपच्या आतल्या घर्षणात. मोकळ्या तोंडापाशी गेज लावलंत तर काटा शून्यावर असेल.

आता अंगठ्यानं तीन चतुर्थांश तोंड बंद करा. पाणी थोडं अडतं, पाइपमधून हळू चालतं, त्यामुळं घर्षणात कमी दाब खर्च होतो आणि उरलेला दाब अंगठ्यापर्यंत पोचतो. वेग जातो सेकंदाला ७ मीटरवर, बादलीला मात्र ७० सेकंद लागतात. आणखी दाबून दहावा हिस्साच तोंड मोकळं ठेवलं, तर वेग साडेदहा मीटरपर्यंत जातो आणि बादली भरायला दोन मिनिटांना थोडाच वेळ कमी लागतो. म्हणजे अंगठ्यापाशी दाब वाढला हे तुमचं बरोबर, पण तो टाकीच्या ८ मीटरच्या वर कधीच जाणार नाही. अंगठा नवीन दाब तयार करत नाही, वाटेत खर्च होणारा वाचवतो. आणि वेग वाढला हे मुलाचं बरोबर, पण ‘पाणी तेवढंच येतं’ हे चूक. बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन त्याला अंगणात बसवा, वाद घालण्यापेक्षा बरं.

पाणी खरोखरच जास्त हवं असेल तर पाऊण इंची पाइप घ्या. तेवढंच पाणी नेताना होणारं घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात घटतं. व्यास दीडपट झाला की घर्षण सातव्या हिश्शाहूनही कमी उरतं. दुकानदार अर्धा इंचीवर लावायला महागडी नोझल दाखवेल, ती नको, तेच पैसे पाइपात घाला.

प्रश्न : शेजाऱ्यानं ५०० लिटरची टाकी काढून २००० लिटरची बसवली. त्यामुळं प्रेशर वाढेल का?
*– एक वाचक, राजारामपुरी*

टाकी त्याच उंचीवर असेल तर वाढणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर जाऊन बघा. पंचगंगेचं पाणी मागं किती लांबवर तुंबलंय याच्याशी तळाच्या बर्ग्याला, म्हणजे पाणी अडवायच्या फळीला, काही देणंघेणं नसतं, त्याला भार बसतो तो वरच्या पाण्याच्या खोलीचा. टाकीचंही तसंच. नवीन टाकी आधीपेक्षा उंच असेल तर ती भरलेली असताना थोडा फरक पडेल, तोही त्या वाढीव उंचीपुरताच. शेजाऱ्याचं पाणी जास्त वेळ टिकेल, एवढं मात्र नक्की.

प्रश्न : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा आम्ही मित्र तिकडं धावलो होतो. जवान पाइप धरून मागं रेलल्यासारखे उभे असतात, एकट्याला तो आवरत नाही, असं आम्ही नेहमी बघतो. माझा मित्र म्हणतो, पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं त्याचा धक्का परत येतो. दुसरा म्हणतो, पाणी हवेला ढकलतं. धक्का नेमका कशाचा? आणि पाइप हातातून सुटला की तो सापासारखा का उसळतो?
*– एक वाचक, मंगळवार पेठ*

त्या रात्री झोप कुणाला लागली होती? शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. असो, तुमचा प्रश्न पाइपचा आहे.

आधी दोन्ही मित्रांचं बघू. भिंतीचा धक्का भिंतीलाच बसतो. पाणी एकदा नोझलमधून सुटलं की त्याचा जवानाच्या हाताशी संबंध संपला, पुढं भिंत असो नाहीतर मोकळं मैदान असो. हवेचंही तेच. हवा काढून घेतलेल्या खोलीत नोझल सोडलं तरी धक्का तेवढाच लागेल. धक्का लागतो तो पाण्याचा वेग वाढवण्यामुळं. पाइपात सेकंदाला साडेतीन-पावणेचार मीटरनं सरकणारं पाणी नोझलमधून बाहेर पडताना सेकंदाला ३७ मीटर वेगानं जातं. एवढा वेग द्यायला त्याला कुणीतरी पुढं ढकललं पाहिजे, आणि जो ढकलतो त्याला मागं रेटा बसतो. न्यूटननं १६८७ मध्ये छापलेला तिसरा नियम, दुसरं काही नाही.

हा रेटा किती, ते काढायची सोपी रीत सांगते. नोझलच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा, त्याला नोझलमागच्या दाबानं म्हणजे गेजवरच्या किलोनं गुणा, आणि आलेला आकडा दुप्पट करा. तोंड २० मिलिमीटरचं असेल तर क्षेत्रफळ ३.१४. दाब ७ धरला तर गुणाकार २२, दुप्पट केला की ४४ किलो. एवढ्यात मिनिटाला ७०० लिटर पाणी जातं. तेच १२ मिलिमीटरचं तोंड असेल तर रेटा १६ किलोच्या आत येतो, तो एकटा माणूस सांभाळू शकतो. आणि ३२ मिलिमीटरचं घेतलं तर ११२ किलो! म्हणून मोठी नोझलं हातात देत नाहीत, गाडीवर नाहीतर जमिनीवर टेकवलेल्या मॉनिटरवर, म्हणजे पक्क्या बैठकीवर, बसवतात.

दुप्पट का करायचं, हे आमच्या वर्कशॉपला येणारी शिकाऊ पोरं हमखास विचारतात. नोझलचं तोंड बंद आहे असं समजा. आतून पाणी चारी बाजूंनी दाबतंय, तोंडावरच्या झाकणालाही दाबतंय. झाकण काढलं की तेवढ्या जागेवरचा पुढचा दाब गेला, मागचा मात्र राहिला. ही झाली २२ किलोची तूट. पण तोंड उघडल्यावर आजूबाजूच्या निमुळत्या भिंतींजवळूनही पाणी पळायला लागतं, आणि पळणाऱ्या पाण्याचा दाब कमी असतो. म्हणजे तिथंही पुढं दाबणारा जोर घटला. या दुसऱ्या तुटीचा हिशेबही बरोबर तेवढाच, २२ किलो, निघतो. दोन्ही मिळून ४४.

आता खरी गंमत. तुम्हाला वाटतं की पाणी सुटल्यावर ब्रँच, म्हणजे नोझल लावलेली ती धातूची नळी, मागं पाइपावर दाबली जाते. तसं होत नाही. ती पुढंच ओढली जाते! ६३ मिलिमीटरच्या पाइपाचं आतलं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर. दाब ७ असताना नोझल बंद ठेवलं, तर पाणी ब्रँचला सव्वादोनशे किलोच्या आसपास जोरानं पुढं ढकलत असतं आणि पाइप तिला कपलिंगपाशी, म्हणजे जोडापाशी, तेवढ्याच जोरानं मागं धरून असतो. नोझल उघडल्यावर हा पुढचा जोर ४० किलोनं घटतो (पाणी पाइपातून आधीच थोड्या वेगानं येत असतं, म्हणून पुरते ४४ नाहीत), तरी १८० किलोच्या आसपास शिल्लक राहतोच. म्हणून कपलिंगचे लग, म्हणजे अडकवायचे दात, नीट बसले नसतील तर ब्रँच जवानाच्या अंगावर येत नाही, पुढं उडून जाते.

मग मागचा रेटा येतो कुठून? ब्रँचच्या मागं पाइप जिथं वळतो तिथून. वळणावर पाण्याला दिशा बदलावी लागते आणि दाबही वळणाच्या बाहेरच्या अंगाला जास्त जागेवर बसतो, त्यामुळं वळण बाहेरच्या बाजूला रेटलं जातं. नोझल बंद असताना पाइपाच्या कापडाचा ताण हा रेटा पुरता तोलून धरतो. उघडलं की ताणात ती ४० किलोंची तूट पडते आणि वळण सरकायला बघतं. पाइप जवानाच्या पाठीमागं लगेच खाली वळत असेल, तर हा सगळा रेटा त्याच्या हातावर, कमरेवर येतो. तोच पाइप मागं बराच अंतर सरळ जमिनीवर टेकलेला असेल, तर बराचसा रेटा जमिनीच्या घर्षणानं खाल्ला जातो. पाण्यानं भरलेला १५ मीटर पाइप म्हणजे आतलं नुसतं पाणीच ४७ किलो, तेही त्याला दाबून धरतं.

म्हणून मागचा जवान नुसता पाइप उचलायला नसतो. त्याचं काम पाइप पुढच्याच्या सरळ मागं ठेवणं आणि वळण दूर नेणं. नवख्या माणसाला वाटतं, पुढच्यानं ताकद लावायची. खरं तर मागचा हुशार असेल तर पुढचा निम्म्या ताकदीत काम करतो. उभं राहण्याची तऱ्हा म्हणाल तर नाट्यगृहाला लागूनच खासबाग मैदान आहे. तिथं पैलवान जसा एक पाय पुढं, गुडघा वाकवून, भार पुढं टाकून पवित्रा घेतो, तसंच उभं राहायचं. तुम्ही म्हणता जवान मागं रेलतात, पण नीट बघितलंत तर भार पुढं असतो. मागं रेलला तो पडला, कारण पाणी अचानक वाढलं की सावरायला जागाच उरत नाही.

उलटीही बाजू आहे. पाणी अचानक बंद झालं की पुढं रेलून उभा असलेला माणूस तोंडघशी पडतो. म्हणून ब्रँचवरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि हळूच मिटायचा. खटकन मिटला तर धावतं पाणी एकदम थांबतं आणि पाइपात दाबाचा उसळा येतो तो वेगळाच. कापडी पाइप थोडा फुगून त्यातला बराच गिळतो, पंपापाशी लोखंडी पाइप असेल तर तिथं गिळायला कुणी नाही.

सापाचं उत्तर यातच आहे. पाइपला सरळ राहायला त्याचा ताण मदत करतो, पण पाणी सोडल्यावर तो ताण आतल्या पाण्याच्या रेट्यापेक्षा ४० किलोनं कमी पडतो. त्यामुळं पाइप दोन्ही टोकांनी दाबलेल्या बारीक काठीसारखा वागतो, कुठंतरी कडेला वाकणारच. आणि नोझल जरासं तिरकं झालं की रेट्याचा काही भाग आडवा लागतो, त्यानं ते आणखी तिरकं होतं, मग आणखी आडवा रेटा. धरणारा कुणी नसेल तर हे थांबत नाही. टोकाला पितळेचं किंवा गनमेटलचं जड नोझल असतं, ते डोक्यात बसलं तर हाड मोडेल. तेव्हा सुटलेल्या पाइपाच्या मागं पळायचं नाही. आधी पंपावरचा व्हॉल्व्ह बंद करायला ओरडायचं, आणि तोपर्यंत लांब राहायचं.

अंगणातला पाइप असा उसळत नाही, कारण वरच्या हिशेबात मोकळ्या तोंडाचा रेटा ५० ग्रॅम आणि अंगठा लावल्यावरही दीडशे ग्रॅमच निघतो. पाइपाचं स्वतःचं वजनच त्याहून जास्त.

आणखी एक. धार सोडण्याऐवजी नोझल फिरवून छत्रीसारखा फवारा केला की रेटा कमी होतो. पाणी तेवढंच, पण कडेला गेलेल्या पाण्याचा रेटा डावा-उजवा एकमेकांना मारतो, मागं येतो तो फक्त सरळ पुढं जाणाऱ्या भागाचा. फवारा लांब मात्र जात नाही.

प्रश्न : मी वॉशिंग सेंटरवर काम करतो. आमचं मशीन १२० बारचं आहे. फायर ब्रिगेडच्या ७ बारपेक्षा एवढं जास्त, तरी गन एका हातात राहते. असं कसं?
*– एक तरुण वाचक, उचगाव*

दाबावर जाऊ नकोस, दादा, बादली लावून बघ. तुझ्या मशिनातून मिनिटाला १० लिटर येत असेल तर वेग निघतो सेकंदाला दीडशे मीटरच्या वर. पण सेकंदाला पाणी किती, तर २०० मिलिलिटरसुद्धा नाही. रेटा म्हणजे दर सेकंदाला जाणारं पाणी गुणिले वेग. तुझा निघतो अडीच किलोच्या आसपास. अग्निशमनवाल्यांचा वेग तुझ्या चौथ्या हिश्शाचा, पण पाणी सत्तरपट.

पुरानंतर घरं धुणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्या वर्कशॉपला जो तो प्रेशर वॉशर मागत होता. वॉशर चिकटलेला गाळ सोडवतो, पण सुटलेला गाळ दाराबाहेर वाहून न्यायला त्याच्या १० लिटरात दम नाही. त्याला मोटारीवरचा जाड पाइप मोकळ्या तोंडानं सोडावा लागतो. आधी जाड पाइप आणि खराटा, शेवटी वॉशर. लोक उलटं करतात आणि दिवसभर तोच चिखल या खोलीतून त्या खोलीत फिरवत बसतात.

आणि गन कधीही कुणाकडं रोखू नकोस, चेष्टेतसुद्धा. एवढ्या वेगाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आत मात्र पाणी, घाण, साबण लांबवर पसरलेला असतो. असं झालं तर हळद लावून कामाला लागायचं नाही, दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि ‘हाय प्रेशर गननं लागलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

प्रश्न : नदीवरून उसाला पाणी आणलंय. सहा इंची पीव्हीसी पाइप आहे. चढ सुरू होतो तिथला एल्बो (वळणाचा जोड) दोनदा निखळला. पाइपवाला म्हणतो सोल्युशन नीट लावलं नाही, गवंडी म्हणतो पाण्याचा वेग जास्त आहे. दोन्ही वेळा लाइट गेल्यावरच निखळला.
*– एक शेतकरी, करवीर तालुका*

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. पत्र लिहिताना लोक नेमकं तेच गाळतात, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं.

गवंड्याचा वेगाचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. तुमच्या पाइपात पाणी सेकंदाला दीड मीटरनं जात असेल तर वेगामुळं एल्बोवर येणारा रेटा पाच-सहा किलो. त्यानं काही निखळत नाही. नोझलवर सगळा खेळ वेगाचा होता, इथं तो दाबाचा आहे. एल्बोपासून वर शेतापर्यंत चढ आणि घर्षण मिळून ६० मीटर धरलं, तर एल्बोपाशी दाब ६ बार. सहा इंची पाइपाचं क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरच्या वर. काटकोनी एल्बोला यामुळं बाहेरच्या अंगाला बसणारा रेटा दीड टन! पंप बंद करून पाणी वर अडवून ठेवलं, तरी चढाच्या उंचीमुळं यातला बराचसा भार कायम राहतो. सोल्युशननं चिकटवलेल्या सांध्यावर हा भार रात्रंदिवस टाकायचा नसतो.

आता लाइट. पंप चालू असताना पाइपभर पाणी, कित्येक टन वजनाचं, वर चाललेलं असतं. लाइट गेली की खालून रेटणारा गेला. पाणी थोडं पुढं जातं, थांबतं, मग उलटं खाली यायला लागतं, आणि तेवढ्यात एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, धाडकन मिटतो. उलट आलेल्या पाण्याचा वेग एका क्षणात शून्य होतो. पीव्हीसीत दाबाची लाट सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास पळते, त्या हिशेबानं दीड मीटरचा वेग एकदम मोडला तर सुमारे ६ बार दाब वरून चढतो. म्हणजे ६ चे १२, आणि एल्बोवरचा दीड टन झाला तीन टन. तुम्ही ६ किलोच्या क्लासचा, म्हणजे ६ किलो दाब झेलणारा, पाइप घातला असेल तर त्याचीही आता मर्यादा संपली.

पाइपवाल्यावर चिडू नका, पण तो तिसऱ्यांदा सोल्युशन लावायला आला तर लावू देऊ नका. आधी एल्बोच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा ठोकळा घाला. तो न उकरलेल्या घट्ट मातीला भिडला पाहिजे. गवंडी सवयीनं मोठा चर खणतो, मध्ये ठोकळा ओततो आणि कडेनं भुसभुशीत माती लोटतो. तो ठोकळा नुसता शोभेचा. मातीला टेकणारी बाजू निदान पाऊण चौरस मीटरची ठेवा. तुमच्याकडं काळी रानं असतील तर त्याहून मोठी, कारण काळी माती भिजली की दम सोडते. सांधा मात्र काँक्रीटात गाडू नका, गळती लागली तर दिसली पाहिजे आणि तिथं हात पोचला पाहिजे.

जागा असेल तर एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड अंतर ठेवून घाला. प्रत्येकावरचा रेटा निम्म्याच्या जवळ येतो, पण ठोकळे दोन्हींना लागतील.

एनआरव्ही जुना झडपेचा असेल तर स्प्रिंगचा बसवा. तो पाणी उलटं फिरायच्या आधीच मिटतो, त्यामुळं आदळत नाही. त्याच्या पुढं, चढाच्या बाजूला, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की उघडणारा) टाका, आणि चढावरच्या सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह आहे ना ते बघा. पाइप बदलायची वेळ आली तर पंपापासून चढाच्या निम्म्यापर्यंतचा तुकडा तरी १० किलोच्या क्लासचा घ्या, वरच्या निम्म्याला ६ चा चालतो.

गेज एल्बोच्या अलीकडं कायमचं लावून ठेवा, पण ग्लिसरीन भरलेलं, साध्याचा काटा अशा धक्क्यांनी आठवड्यात मोडतो. लाइट जायच्या वेळी काटा किती उडाला ते बघून मला कळवा. बाराच्या वर जात असेल तर आणखी काही करावं लागेल, ते आकडा बघितल्याशिवाय सांगणार नाही.